खेळणं संपल्यावर अमेरिकेत कॉलेज टेनिसचा कोच कसं व्हायचं

दर डिसेंबरात मी मिरजेला येतो आणि दर डिसेंबरात कुणी ना कुणी पोरगा घरी येऊन बसतो. अमेरिकेतल्या कॉलेजात तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असतो, टीममध्ये चार-पाच नंबरला खेळत असतो, प्रो होण्याएवढा आपला खेळ नाही हे त्याला एव्हाना कळलेलं असतं. आईच्या हातचा चिवडा संपवून झाल्यावर शेवटी विचारतो, "दादा, कोचिंगमध्ये कसं शिरायचं?" प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाचं लिहून टाकतो.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. 2011 साली मी इंडियानातल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांतला सगळ्यात वरचा गट) कॉलेजात खेळायला गेलो. टीव्हीवर दिसतं तसलं कॉलेज नव्हे. आमचा इनडोअर सराव गावातल्या एका खासगी क्लबात भाड्यानं घेतलेल्या कोर्टांवर चालायचा, तोही पहाटे सहाला, कारण त्यानंतर मेंबर येत. चार वर्षं खेळलो, त्यातली तीन सहा नंबरला. मग दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, चार वर्षं असिस्टंट, आणि 2021 पासून हेड कोच. मोठा खेळाडू मी कधीच नव्हतो. या नोकरीत त्यानं फारसं अडलंही नाही.

सहा नंबर म्हणजे काय ते आधी समजून घ्या

आपण लहानपणापासून एकट्यानं खेळत आलेलो असतो. एक किटबॅग, एक पालक, रातराणी बस, आणि दुसऱ्या राउंडला हरलो की परतीचं तिकीट. कॉलेज टेनिस तसं नाही. दोन कॉलेजांची लढत असते. आधी तीन डबल्स, प्रत्येकी एकच सेट. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या टीमला मिळून एक पॉइंट. मग सहा सिंगल्स, प्रत्येकीचा एक पॉइंट. एकूण सात, चार झाले की लढत जिंकली. (मी खेळत होतो तेव्हा डबल्स आठ गेमची असायची आणि ड्यूसनंतर, म्हणजे 40-40 नंतर, ॲडव्हांटेजही होतं. आता नाही.)

म्हणजे एक नंबरच्या स्टारनं 6-0, 6-0 असं धुतलं तरी एक पॉइंट, आणि सहा नंबरच्या पोरानं तिसऱ्या सेटमध्ये रडतखडत 7-6 काढलं तरी एकच पॉइंट. आणि पोरांना ताकदीच्या क्रमानंच लावावं लागतं. तगडा पोरगा मुद्दाम खाली लपवला तर समोरचा कोच तक्रार करतो. त्यामुळे लाइनअपमध्ये हुशारी करायला वाव थोडा. वाव आहे तो खालच्या पोरांना तयार करण्यात. एक नंबरचा पोरगा कुठल्याही कोचकडे जिंकला असता. सहा नंबरचा का जिंकतो किंवा का हरतो, त्यात कोचची मेहनत दिसते.

तिसऱ्या वर्षापासून हात घाण करायला लागा

बहुतेक पोरं शेवटची मॅच हरल्यावर कोचला सांगतात की मला कोचिंग करायचंय. तोवर उशीर झालेला असतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या कोचच्या ऑफिसात जाऊन सांगा, आणि सांगितल्या सांगितल्या काम मागा. कुठलं काम? जे कुणालाच नको असतं ते.

त्यात पहिलं म्हणजे गटिंग, रॅकेटीला तारा बसवणं. दहा पोरांची टीम, पॉलिएस्टरचे गट्स, सीझनमध्ये आठवड्याला वीस-पंचवीस रॅकेटी सहज निघतात. एका रॅकेटला नवशिक्याचा तास जातो, हात बसला की पंचवीस मिनिटं. मला हे काम आमच्या मिरजेच्या क्लबातल्या मार्करनं शिकवलं. त्याला सगळे मामा म्हणायचे. मामा सकाळी कोर्टाला पाणी मारायचा, रोलर फिरवायचा, फक्कीनं लाइनी आखायचा, मेंबरांशी नॉकिंग करायचा आणि दुपारी पायरीवर बसून गटिंग करायचा. झालेली रॅकेट कानाशी धरून अंगठ्यानं तारा छेडायचा आणि ताण किती पौंड ते सांगायचा, "बावन्न नाही बसले, पन्नासच हाय." मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची अख्खी गल्लीच आहे, मामा त्याच गल्लीत राहायचा, कान तिथूनच आला असणार. आता माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक मशीन आहे, तरी रॅकेट देण्याआधी एकदा छेडून बघतोच. पोरं हसतात. हसू देत.

गटिंगचा खरा फायदा वेगळा आहे. पोरगा रॅकेट घ्यायला येतो तेव्हा दोन मिनिटं तुमच्यासमोर उभा असतो, आणि कोर्टावर जे बोलत नाही ते तिथे बोलतो. मनगट दुखतंय, मैत्रिणीनं सोडलं, केमिस्ट्रीत नापास होणार आहे. मला कळलेल्या टीममधल्या निम्म्या गोष्टी मशीनपाशी कळल्या.

बाकीची कामं म्हणजे मॅचचा चार्ट भरणं (पहिली सर्व्ह किती आत, ड्यूसला कुठे सर्व्ह मारतो, चूक फोरहँडला की बॅकहँडला), व्हॅन चालवणं, जेवणाची ऑर्डर देणं. ड्रायव्हिंग लायसन्स नसेल तर आधी काढा. विनोद नाही. माझ्याकडे अर्ज आला की चांगल्या खेळाडूआधी मी व्हॅन चालवणारा शोधतो.

पहिली पायरी: ग्रॅज्युएट असिस्टंट

आपल्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता हाच. कॉलेज तुमच्या मास्टर्सची फी पूर्ण किंवा बरीचशी भरतं, वर थोडे पैसे देतं, आणि बदल्यात तुम्ही टीमबरोबर काम करता. पैसे म्हणजे तीन जणांत घेतलेल्या फ्लॅटचं भाडं आणि डाळ-तांदूळ निघेल एवढे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं, हेही ध्यानात असू द्या.

जागा कुठे कळतात? इंटरकॉलेजिएट टेनिस असोसिएशनच्या आणि एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) नोकऱ्यांच्या पानावर. पण त्याहून जास्त तोंडोतोंडी. मेल दोनदा पाठवा: एकदा नोव्हेंबरात, कारण जानेवारीत लढती सुरू झाल्या की कुणी मेल वाचत नाही, आणि परत मेमध्ये, कारण सीझन संपला की कोच इकडून तिकडे हलतात आणि जूनपर्यंत खुर्च्या रिकाम्या होत राहतात. मी 63 मेल पाठवल्या होत्या. नऊ उत्तरं, दोन फोन, एक नोकरी. मेल आठ ओळींची: कुठे खेळलो, कितव्या नंबरला, काय शिकतोय, मार्क किती, गटिंग येतं, व्हॅन चालवतो, कधीपासून येऊ शकतो, आणि आपल्या कोचचा फोन नंबर. लहानपणी टेनिसवर कसं प्रेम जडलं ते लिहू नका. सगळेच लिहितात.

आणि मुलींच्या टीमची जागा आली तर नाक मुरडू नका. माझी पहिली जागा मुलींच्याच टीमवर होती. तेव्हा डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या टेनिस टीमला 8 पूर्ण स्कॉलरशिप असायच्या आणि मुलांच्या टीमला साडेचार, त्याही आठ-नऊ पोरांत वाटायच्या. कारण सरळ आहे: अमेरिकन फुटबॉलला मुलांच्या 85 स्कॉलरशिप जायच्या, आणि मुलामुलींना समान संधी द्यायचा कायदा पाळायचा म्हणजे तोल दुसरीकडे साधावा लागायचा. त्यामुळे मुलींच्या टीममध्ये सहा नंबरलासुद्धा पूर्ण स्कॉलरशिपवरची, जगभरातून आलेली खेळाडू असायची. मी त्या वर्षी जितकं टेनिस शिकलो तितकं खेळताना चार वर्षांत शिकलो नव्हतो.

व्हिसाचं गणित, आणि त्यात माझी झालेली फजिती

हे वाचून झाल्यावर आपल्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण नियम बदलत असतात. पण ढोबळ हिशेब असा. बॅचलर्सनंतर 12 महिने ओपीटीवर (शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) काम करता येतं. मास्टर्स केलं की, पदवी वरची असल्यानं, पुन्हा 12 महिने मिळतात. अर्ज पदवी संपण्याच्या 90 दिवस आधीपासून करता येतो. पहिल्याच दिवशी करा. मी "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणालो. परवानगीचं कार्ड उशिरा आलं आणि नव्या नोकरीचे पहिले तीन आठवडे मी प्रेक्षकांत बसून काढले. काम करायची परवानगीच नव्हती. पोरं चेंजओव्हरला वर बघायची आणि मी शेंगदाणे खात असायचो.

पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. इथे आपल्याला एक मोठी सवलत आहे: विद्यापीठांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, म्हणून लॉटरी नाही. आयटीतले मित्र लॉटरीची वाट बघत बसले असताना माझा अर्ज वर्षाच्या मध्यावर गेला. पण नोकरी "ठरावीक विषयाची पदवी लागणारी" आहे हे दाखवावं लागतं, आणि कोचच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. म्हणून मास्टर्स स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) अशा विषयात केलेलं बरं. मी पहिलं सेमिस्टर इकॉनॉमिक्समध्ये घालवलं आणि मग विषय बदलला. आणखी एक: सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नव्यानं भरलेल्या एच-वन-बी अर्जावर 1 लाख डॉलरचं शुल्क लागू झालंय. टेनिसच्या असिस्टंटसाठी कुठलं कॉलेज ते भरणार? तेव्हा मधेच "एक वर्ष घरी जाऊन येतो" हा विचार फार जपून करा.

कोर्टवर बोलायचं किती

कॉलेज टेनिसमध्ये मॅच चालू असताना कोच खेळाडूशी बोलू शकतो. आपल्या पोरांना याचं फार अप्रूप वाटतं आणि तिथेच घात होतो. असिस्टंट झालो त्या पहिल्या वर्षी मी एका पोराला चेंजओव्हरच्या दीड मिनिटात चार गोष्टी सांगितल्या: टॉस पुढे घे, रिटर्न क्रॉस मार, पाय हलव, त्याच्या ड्रॉप शॉटकडे लक्ष ठेव. तो उठला, सर्व्हला गेला आणि सलग दोन डबल फॉल्ट. नंतर म्हणाला, "कोच, टॉस टाकताना मला ड्रॉप शॉट दिसत होता."

तेव्हापासून एका चेंजओव्हरला एक गोष्ट. पुष्कळदा तीही नाही. बर्फाची पिशवी द्यायची, केळं द्यायचं, बाजूला बसायचं.

एक लढत सांगतो. फेब्रुवारी, बाहेर बर्फ, आत सहा कोर्ट, 3-3 बरोबरी. उरला सहा नंबर. आमचा पोरगा तिथलाच, मक्याच्या शेतावर वाढलेला, हायस्कूलपर्यंत बास्केटबॉल जास्त खेळलेला. तिसऱ्या सेटमध्ये 4-5, समोरच्याची सर्व्ह, 40-40. ॲडव्हांटेज नसल्यानं हा एकच पॉइंट. जिंकलो तर 5-5, हरलो तर गेम, सेट, मॅच आणि अख्खी लढत. रिटर्न करणाऱ्यानं बाजू निवडायची असते: उजवी, म्हणजे ड्यूस कोर्ट, की डावी, म्हणजे ॲड कोर्ट. पोरानं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या खिशात चार्ट होता. समोरचा ॲड कोर्टवरून दडपणाखाली नेहमी बाहेरच्या बाजूला सर्व्ह मारत होता, आमच्या पोराच्या बॅकहँडवर, आणि बॅकहँड हाच त्याचा बरा स्ट्रोक. चार्टप्रमाणे उत्तर ॲड कोर्ट. पण पोरगा ड्यूस कोर्टकडे दोन पावलं सरकलेला होता. मी विचारलं, "कुठली बाजू?" तो म्हणाला, "ड्यूस." मी मान हलवली. सर्व्ह आली, त्यानं फोरहँड पूर्ण जोरात ओढला, बॉल बेसलाइनच्या बाहेर वीतभर. लढत 4-3 नं गेली.

परतीला अडीच तासांचा रस्ता. तो पुढे माझ्या शेजारी बसला होता. मागे सगळे कानात हेडफोन घालून. तासाभरानं तो म्हणाला, "उद्या दोन पौंड वाढवाल का? बॉल लांब जातोय." मी म्हटलं, वाढवतो. एवढंच बोलणं झालं. ॲड कोर्ट सांगायला हवं होतं का? अजून ठरलेलं नाही माझं. पण त्या दिवशी मी बाजू निवडून दिली असती आणि बॉल बाहेर गेला असता, तर तो पॉइंट माझा झाला असता, आणि रॅकेटीबद्दल तो बोललाच नसता असं मला वाटतं. एप्रिलमध्ये तशाच दोन मॅच त्यानं काढल्या.

तासांचा हिशेब आणि कागद

खेळाडूंना सीझनमध्ये आठवड्याला 20 तास, दिवसाला 4, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. सीझनबाहेर 8 तास. मॅचचा दिवस पाच तास चालला तरी 3 तासच धरतात. हे सगळं दर आठवड्याला भरून द्यावं लागतं. आपल्याकडे "अजून अर्धा तास मार" ही सवय असते; इथे तो अर्धा तास नियमभंग ठरतो. याहून जास्त या विषयावर सांगण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं आहे, करावं लागतं.

पोरं शोधणं

असिस्टंट झालात की अर्धा वेळ यातच जातो. अमेरिकन पोरांशी दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासून थेट बोलता येतं. परदेशी पोरांनाही तोच हिशेब. त्या आठवड्यात फोन तापतो. यूटीआर नावाचं रेटिंग आहे, 1 पासून साडेसोळापर्यंत, जगभरच्या मॅचवरून निघतं. सगळे आधी तेच बघतात. पण आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो, त्यात तुमची हुशारी काही नाही.

मी व्हिडिओ मागवतो, तोही न कापलेला. निवडक विनर्सचा व्हिडिओ मला नको. पॉइंट हरल्यावर पोरगा पुढच्या सर्व्हपर्यंत काय करतो ते मला बघायचं असतं. लाइन कॉल कसे देतो तेही, कारण कॉलेजात बहुतेक कोर्टांवर आपापल्या बाजूच्या लाइनी खेळाडूच बघतात. चिटिंग करणारा पोरगा टीममध्ये एक असला तरी वर्षभर दुसऱ्या कोचांची माफी मागत फिरावं लागतं.

महाराष्ट्रातून मेल येतात तेव्हा बाबांनी लिहिलेली मेल दुसऱ्या ओळीत ओळखू येते: "आय ॲम व्हेरी पॅशनेट अँड हार्डवर्किंग बॉय." पोरानं स्वतः दोन मोडक्या ओळी लिहिल्या तरी मी उत्तर देतो. पालकांना दोन नावं मात्र मी स्वतःहून सांगतो. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये खेळला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळली आणि पुढे हांगझोच्या एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सोनं घेऊन आली. कॉलेजात गेलं की टेनिस संपलं, असं समजणाऱ्या बाबांसाठी एवढं पुरतं. व्हर्जिनियाच्या सोमदेव देववर्मननं 2007 मध्ये जॉन इस्नरला हरवून एनसीएएची स्पर्धा जिंकली तेव्हा मी शाळेत होतो. ती बातमी पेपरातून कापून मामानं बॉलच्या कपाटाच्या दारावर चिकटवली होती.

नोकरी टिकेल का

खोटं कशाला सांगू? स्टॅनफर्डचे डिक गूल्ड 1966 ते 2004 एकाच खुर्चीवर होते, 17 वेळा राष्ट्रीय विजेते. तसला जमाना गेला. जून 2025 मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या समझोत्यानुसार कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्यातला बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार. समझोत्यात सामील झालेल्या कॉलेजांत टेनिसच्या स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली, तिच्या जागी टीममध्ये जास्तीत जास्त 10 खेळाडू ही मर्यादा आली. तिकीट विकत नाही असा खेळ बंद करणं सोपं असतं, आणि टेनिसच्या टीम बंद झाल्या आहेत, होत आहेत. म्हणून देणग्या गोळा करायला शिका. माजी खेळाडूंना वर्षातून दोनदा फोन करा, पैसे मागण्यासाठी एकदाच. उन्हाळ्यातली लहान मुलांची शिबिरं चालवा. माझ्या घराचा हप्ता त्यातून निघतो. पीटीआर किंवा आयटीएफचं कोचिंग सर्टिफिकेट करून ठेवा, म्हणजे टीम बंद झाली तरी क्लब आहेत, आणि परत यायची वेळ आली तर इथेही उपयोगी पडतं.

मुलाखत

शेवटच्या फेरीत कॅम्पसवर बोलावतात. दिवसभर सूट घालून लोकांना भेटायचं, आणि दुपारी बहुधा टीमचा एक सराव घेऊन दाखवायचा. जायच्या आधी वेबसाइटवरून सगळ्या पोरांची नावं, देश आणि गेल्या सीझनचा निकाल पाठ करा. बूट बॅगेत ठेवा. मी विसरलो होतो आणि असिस्टंटचे एक नंबर मोठे बूट घालून सराव घेतला.

सरावात सगळे उमेदवार एक नंबरच्या कोर्टवर जाऊन उभे राहतात, कारण ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या खेळविभागाचा प्रमुख, तिथेच उभा असतो. मी आत शिरलो, सगळ्यांशी हात मिळवला, बॉलची टोपली उचलली आणि पार टोकाच्या कोर्टवर गेलो. तिथला पोरगा लिथुआनियाचा होता. त्याची रॅकेट हातात घेतली, तारा छेडल्या आणि विचारलं, "हे कधी घातलेत?" तो म्हणाला, तीन आठवडे झाले, कुणाला वेळच नाही. मी बूट आवळले आणि त्याला म्हटलं, सराव झाला की मशीन कुठे आहे ते दाखव.